क्वांटम डॉटचा थर दिलेला फ्लडलाइट पुन्हा निळसर पडतोय? रंग कुठून गेला ते आधी पाहा

तक्रार साधारण अशी असते. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेआधी दर्शनी भिंतीच्या फ्लडलाइटला क्वांटम डॉटचा, म्हणजे प्रकाशाचा रंग बदलणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा, थर दिला. जानेवारीत भिंतीवर लोण्यासारखा पिवळसर उजेड पडला. मे सरेपर्यंत तोच दिवा पुन्हा ट्यूबलाइटसारखा निळसर-पांढरा झाला. मग दुसरा हात मारला, पुढच्या वर्षी तिसरा, आणि दर वेळी खापर फुटलं डॉटच्या बाटलीवर. हे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. बाटली बहुतेक वेळा ठीकच असते. थर हवेला आणि उष्णतेला उघडा पडलेला असतो, आणि नवा हातही त्याच वाटेने जातो.

आधी मुळात काय चालतं ते पाहू. पांढऱ्या एलईडीच्या आत निळी चिप असते, साधारण ४५० नॅनोमीटरची. तिच्यावरचं पिवळं फॉस्फर थोडा निळा प्रकाश पिवळ्यात बदलतं आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं. ६५०० केल्विनच्या, म्हणजे थंड पांढऱ्या, दिव्यात निळा भरपूर उरतो. डॉट हा उरलेला निळा गिळतात आणि लाल किंवा हिरवा बाहेर टाकतात. कोणता रंग, ते कणाच्या आकारावर ठरतं: कॅडमियम सेलेनाइडचा २ नॅनोमीटरचा कण निळसर हिरवा चमकतो आणि ६ नॅनोमीटरचा लाल, पदार्थ तोच. याच शोधासाठी २०२३चं रसायनशास्त्राचं नोबेल बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव्ह यांना मिळालं. पण एवढ्याशा कणाचे पुष्कळसे अणू पृष्ठभागावरच असतात, आणि दुखणं तिथेच आहे. ऑक्सिजन आणि बाष्प पृष्ठभाग कुरतडू लागले की आधी गाभा झिजून रंग किंचित सरकतो, मग चमकच जाते. लाल येणं थांबतं, निळा पुन्हा मोकळा सुटतो.

यातून एक गोष्ट आपोआप कळते. डॉट निळ्याचा लाल करतात, लालाचा निळा करत नाहीत. ३००० केल्विनच्या पिवळ्या दिव्याला थर देऊन तो पांढरा करून देतो असं कुणी म्हणत असेल तर तिथूनच परत फिरा.

शिडी लावण्याआधी

काच पुसा. हसू नका. यंत्रमागांच्या भागात सुताची धूळ आणि रस्त्याची माती मिळून काचेवर जो लेप बसतो, त्याने उजेड मंद होतो आणि रंगही फसवा दिसतो. बोअरच्या पाण्याने धुतलेली काच वाळली की क्षारांचा पांढरा पडदा उरतो आणि उजेड विखुरतो. आरओच्या पाण्यात फडकं भिजवून पुसा, डाग जात नसतील तर पाण्यात थोडा व्हिनेगर घाला आणि नंतर साध्या आरओच्या पाण्याने पुन्हा पुसा. मागच्या पंखांमधली, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्यांमधली, धूळ दाढीच्या ब्रशने काढा. पंख बुजले की आतलं तापमान वाढतं.

मग फोटो घ्या, पण मोबाइलच्या आपोआप चालणाऱ्या रंगसेटिंगवर नाही. कॅमेरा रंग स्वतःच दुरुस्त करतो आणि निळसर दिवाही पांढरा दाखवतो. प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स ५५००वर, आयएसओ आणि शटर ठरावीक आकड्यावर ठेवा, आणि दिव्यापासून १ मीटरवर धरलेल्या एकाच पांढऱ्या कागदाचा फोटो काढा. शेजारी थर न दिलेला तसाच दिवा असेल तर त्याचाही घ्या. हे दोन फोटो पुढे सगळ्या वादांत कामाला येतात.

जुनी डीव्हीडी घरात पडली असेल तर आणखी बरं. चपलेच्या खोक्याला एका टोकाला अर्ध्या मिलिमीटरची सरळ चीर पाडा, दुसऱ्या टोकाला डीव्हीडीचा तुकडा तिरका बसवा आणि वरच्या भोकातून पाहा. डीव्हीडीच्या रेघा ०.७४ मायक्रोमीटर अंतरावर असतात, त्यामुळे रंगपट्टा चांगला फाकतो. थर न दिलेल्या दिव्यात एक तीव्र निळी पट्टी, मग अंधूक फट, मग हिरव्यापासून नारिंगीपर्यंत पसरट पट्टा दिसेल. डॉट जिवंत असतील तर लालात वेगळा ठसठशीत पट्टा उठून दिसतो. तो पट्टा नाही, म्हणजे डॉट मेलेत किंवा मुळात नव्हतेच.

रंग गेलाय की फक्त तापलाय

दिवा लावून एक तास झाल्यावर, संध्याकाळी साडेसातला, एक फोटो घ्या आणि पहाटे पाचला दुसरा. मे महिन्यात सोलापुरात पारा ४० अंशांच्या वर असतो आणि दिवसभर तापलेली भिंत रात्री उशिरापर्यंत धग सोडते. तापलेला डॉट कमी चमकतो. त्याचा रंगही दर अंशाला साधारण ०.१ नॅनोमीटर लालाकडे सरकतो, पण ते डोळ्याला कळत नाही. कळतं ते चमक घटणं. पहाटे रंग परत आला तर डॉट मेलेले नाहीत, फक्त गुदमरलेत. अशा दिव्याला नवा थर देऊ नका, त्याची उष्णता कमी करा. ते खाली आहे. पहाटेही निळसरच असेल तर दिवा खाली उतरवा.

इथे एक फसवी गोष्ट सांगून ठेवतो. नवा थर पहिले काही तास उजेडात राहिला की आधीपेक्षा जास्त चमकतो. म्हणून लावल्या लावल्या घेतलेलं माप धरू नका. ४८ तास दिवा चालू द्या, मग ‘पहिला’ फोटो घ्या. नाहीतर महिन्याभराने उगाच घट झाल्यासारखी वाटते.

उघडा आणि टॉर्चने नकाशा पाहा

मेन स्विच बंद करा. स्वस्तातल्या फ्लडलाइटमध्ये चिपा आणि ड्रायव्हर (चिपांना वीज पुरवणारं सर्किट) एकाच पत्र्यावर असतात आणि त्या पत्र्यावर थेट मेनचं व्होल्टेज खेळतं, त्यामुळे बंद केल्यावरही पाच मिनिटं हात लावू नका. मग थर दिलेली काच किंवा फिल्म बाहेर काढा, अंधाऱ्या खोलीत न्या आणि ३९५ नॅनोमीटरच्या टॉर्चचा प्रकाश टाका. नोटा तपासायला मिळते तीच टॉर्च. डोळ्यांवर पिवळ्या पॉलिकार्बोनेटचा गॉगल हवा. जिथे डॉट जिवंत आहेत तिथे लाल-नारिंगी चमक दिसेल, जिथे मेले तिथे काळोख. या काळोखाचा आकार हाच सगळा निदानाचा कागद.

कडेने काळी किनार आणि मध्ये चमक, हा आकार सगळ्यात जास्त दिसतो. हवा आणि बाष्प कडेतून आत शिरलंय. गुंडाळीतल्या डॉट-फिल्मला वरून आणि खालून रोधक पापुद्रा असतो, पण ब्लेडने कापलं की कड उघडी पडते, जशी सँडविचची कड. टीव्हीच्या पडद्यातही ही किनार मरतेच. तिथे ती चौकटीखाली झाकलेली असते म्हणून कुणाला दिसत नाही. फ्लडलाइटमध्ये ती झाकायला चौकट नसते. किनारीची रुंदी पट्टीने मोजा आणि काचेवर पेंट मार्करने रेघ मारून तारीख लिहा. बाष्प आत शिरतं ते वेळेच्या वर्गमुळाच्या हिशेबाने: पहिल्या महिन्यात ४ मिमी गेली असेल तर चौथ्या महिन्याअखेर सुमारे ८ मिमी. महिन्याला नेमाने ४-४ मिमी वाढत असेल तर ते मुरणं नव्हे, कुठेतरी चिकटपट्टीच सुटलीय. फिल्मला स्क्रूसाठी भोक पाडलं असेल तर मध्येच काळं वर्तुळ दिसेल. भोक म्हणजे नवी कडच. फिल्मला भोक पाडायचं नसतं, ती दाबून किंवा क्लिपने धरायची.

आता दुसरा आकार. कडा ठीक आहेत, पण मध्ये काळे ठिपके ओळीने मांडलेत. काच चिपांच्या पत्र्यावर धरून पाहा, ठिपके नेमके चिपांवर येतील. काचेवर जणू चिपांचा नकाशाच उमटलेला असतो. हा उष्णतेचा आणि एकवटलेल्या निळ्या प्रकाशाचा मार आहे. बारीक जाडीच्या फ्लडलाइटमध्ये चिप आणि काच यांत १०-१५ मिमीच अंतर असतं, तिथे हे हमखास होतं.

सगळीकडे सारखंच फिकं आणि दिवसाच्या उजेडात थर तपकिरी दिसतो? मग माध्यम जळालंय. साधा दोन-भागी इपॉक्सी वापरला असेल तर उन्हाने तो पिवळा आणि मग तपकिरी होतो. डॉट कदाचित जिवंतही असतील, पण आता निळा प्रकाश त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. उलट थर स्वच्छ पारदर्शक आहे आणि तरी कुठेच चमक नाही, असं असेल तर तो उघडाच ब्रशने मारलेला असावा, वरून झाकण नसलेला. अशा थराला किनार बिनार काही नसते, तो सगळ्या अंगाने एकदमच जातो.

कड बंद करायची पद्धत

प्लॅस्टिकची फिल्म दुरुस्त करत बसू नका. काच हवाही सोडत नाही आणि पाणीही नाही, म्हणून डॉटचा थर दोन काचांत बंद करा आणि सगळं लक्ष चार कडांवर द्या. २ मिमीच्या दोन साध्या काचा घ्या आणि काचवाल्याकडून कडा घासून घ्या. दिव्याची मूळ टफन काच काढायची नाही, ती जागेवरच राहील आणि तुमचं सँडविच तिच्या आतल्या बाजूला टेकून बसेल. मूळ काढून साधी काच लावली तर पहिल्या वळवाच्या पावसात, तापलेल्या काचेवर थंड थेंब पडले की ती तडकते.

चारही कडांना १० मिमी जागा डॉटविना सोडा. तिथे बुटाइल टेपची अखंड पट्टी फिरवा, तीच काळी चिकट टेप जी दुहेरी काचेच्या खिडक्यांत आतल्या बाजूला असते. सांधा कोपऱ्यात आणू नका, सरळ बाजूवर आणा आणि १५ मिमी एकावर एक चढवून दाबा. ५ ऐवजी १० मिमीची पट्टी का, याचं उत्तर वरच्याच वर्गमुळात आहे: रुंदी दुप्पट केली की बाष्पाला पार व्हायला चौपट वेळ लागतो. बुटाइलच्या बाहेर काचांच्या खाचेत सिलिकोन भरा आणि २४ तास हलवू नका.

हा सिलिकोन न्यूट्रल जातीचाच हवा. हार्डवेअरच्या दुकानात पहिल्यांदा हातात देतात तो बहुधा व्हिनेगरसारखा वास येणारा असतो. तो वाळताना अॅसिटिक आम्ल सोडतो आणि बंद दिव्यात ते आम्ल डॉटच्या पृष्ठभागालाही लागतं आणि एलईडीतल्या चांदीच्या मुलाम्यालाही. नळी उघडून हुंगा. नाक झोंबलं तर परत करा. सिलिकोनच्या भरवशावर बुटाइल टाळणारेही असतात. सिलिकोन पाणी अडवतो, पण बाष्प आणि ऑक्सिजन त्यातून आरामात जातात. त्याचं काम फक्त दोन काचा घट्ट धरणं.

दिव्याच्या खोक्याचाही श्वास असतो. रात्री आतली हवा ७५ अंशांपर्यंत तापते आणि पहाटे २५वर येते असं धरा. ३४८ भागिले २९८ केल्विन, म्हणजे १.१७. दर रात्री सुमारे एक सप्तमांश हवा बाहेर जाते आणि पहाटे, नेमकी दमट वेळ असताना, तेवढीच आत ओढली जाते. खोक्यावर आयपी ६५ (धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा) लिहिलं म्हणून हे थांबत नाही; हवा केबल ग्लँडमधून, म्हणजे वायर आत जाते तिथल्या कड्यातून, आणि गॅस्केटच्या दमलेल्या कोपऱ्यातून वाट काढते. सप्टेंबरच्या पावसात काचेच्या आत दव दिसतं ते याचंच. ग्लँड केबलच्या जाडीचाच लावा, गॅस्केट चपटं होऊन कडक झालं असेल तर बदला, आणि खोक्याला सूक्ष्म छिद्रांच्या पापुद्र्याचा श्वास-प्लग बसवा. त्यातून हवा जाते, पाण्याचा थेंब जात नाही. भोक सिलिकोनने बुजवून ‘पूर्ण बंद’ करण्याचा हट्ट उलटा अंगाशी येतो: दाब दुसरीकडून वाट काढतो आणि आत शिरलेलं पाणी आतच राहतं.

उष्णतेचा हिशेब

डॉट स्वतःच उष्णता तयार करतात, हे बऱ्याच जणांच्या गावी नसतं. ५० वॉटचा दिवा घ्या. त्यातला ४० टक्के प्रकाश म्हणून बाहेर येतो असं धरलं तर २० वॉट. ६५०० केल्विनमध्ये त्याचा ३० टक्के भाग निळा धरा, ६ वॉट. थराने निम्मा गिळला, ३ वॉट. ४५० नॅनोमीटरचा निळा ६२० नॅनोमीटरचा लाल होतो तेव्हा डॉट कितीही उत्तम असला तरी २७ टक्के ऊर्जा वाटेतच उष्णता होते. डॉटची कार्यक्षमता ९० टक्के असेल तर एकूण ३५ टक्के. म्हणजे १ वॉटच्या आसपास उष्णता एका पातळ थरातच जन्मते, आणि प्लॅस्टिक तिला बाहेर जाऊ देत नाही. ५० वॉटच्या पंख-पत्र्यापुढे १ वॉट किरकोळ वाटेल, पण पंख चिपेला लागलेत, थराला नाही.

म्हणून सँडविच मूळ टफन काचेला टेकून ठेवायचं, मध्ये लोंबकळत नाही. टेकलेल्या काचेतून उष्णता बाहेरच्या वाऱ्याला जाते. चिपांपासून किमान २५ मिमी अंतर ठेवा. तेवढं नसेल तर खोल खोक्याचा दिवा घ्या किंवा चिपांवर दुधी विखुरक बसवा, म्हणजे मार एका जागी पडत नाही.

तापमान मोजायला के जातीचा थर्मोकपल (तापमान टिपणारी तार) असलेला मल्टिमीटर वापरा. टोक सँडविचच्या आतल्या बाजूला कॅप्टॉन (उष्णता सोसणाऱ्या) टेपने चिकटवा, पण चिपांच्या थेट झोतात नको, नाहीतर ते टोक स्वतःच उजेड पिऊन जास्त दाखवतं. इन्फ्रारेड बंदूक बाहेरून रोखली तर बाहेरच्या काचेचंच तापमान कळतं, आणि चकचकीत अॅल्युमिनियमवर तर ती साफ खोटं बोलते. तिथे काळी इन्सुलेशन टेप चिकटवून तिच्यावर रोखा. थराजवळ ६० अंशांच्या आत राहिलात तर बरं. ८०च्या वर असेल तर बाकी काही करण्यात अर्थ नाही, आधी करंट कमी करा. मंद करता येणारा ड्रायव्हर असेल तर ७० टक्क्यांवर आणा. चिपा-ड्रायव्हर एकत्र असलेल्या पत्र्यावर करंट ठरवणारे दोन रेझिस्टर बहुधा शेजारी-शेजारी समांतर असतात आणि एक काढला की करंट उतरतो. हे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या. उजेड थोडा उतरेल. तो नको असेल तर दोन दिवे लावा, एकाला जाळू नका.

थर नव्यानेच घालायचा असेल तर

अतिनील प्रकाशात घट्ट होणाऱ्या रेझिनचं मिश्रण असं: १६ ग्रॅम लॉरिल मेथाक्रिलेट, ४ ग्रॅम इथिलीन ग्लायकॉल डायमेथाक्रिलेट, ०.२ ग्रॅम फोटोइनिशिएटर (प्रकाश पडताच घट्ट होणं सुरू करणारं रसायन) आणि १०० मिलिग्रॅम डॉट. म्हणजे डॉट अर्धा टक्का. डॉट टोल्युईन या द्रावकात मिळतात. बाटलीवर मिलिलिटरला २५ मिलिग्रॅम असेल तर ४ मिलिलिटर घ्या. २०० गुणिले १५० मिमीच्या काचेला, १० मिमी किनार सोडून, ०.३ मिमी जाडीच्या थरासाठी साधारण ७ मिलिलिटर लागतं, म्हणजे एवढ्या मिश्रणात तीन काचा निघतात. आधी २५ मिमीच्या छोट्या काचांवर ०.२, ०.५ आणि १ टक्क्याचे नमुने करा आणि ते प्रत्यक्ष दिव्यासमोर धरून निवडा. कागदावरच्या टक्क्यावर मोठी काच ओतू नका.

टोल्युईन पूर्ण उडवल्याशिवाय पुढे जाऊ नका, व्हॅक्यूममध्येच उडवा. राहिलं तर थरात बुडबुडे येतात आणि थर आकसून काचेपासून सुटतो. त्याच्या वाफा ४ अंशांनाही पेट घेण्याइतक्या होतात. सोलापूरच्या दुपारी, बंद खोलीत, गॅस शेगडी किंवा ठिणगी उडवणारा पंखा चालू असताना हे काम करणं म्हणजे आगीशी खेळ. मग काचांमध्ये मिश्रण भरून ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली दोन्ही बाजूंनी ५ ते १० मिनिटं. डॉट स्वतःच अतिनील गिळतात, म्हणून साध्या रेझिनपेक्षा जास्त वेळ लागतो. उघड्यावर सुकवलं तर वरचा पापुद्रा चिकटच राहतो, कारण हवेतला ऑक्सिजन जुळणी रोखतो. दोन काचांत हा त्रास नसतो.

सिलिकोनमध्ये डॉट मिसळायचा मोह टाळा. दहाला एक असा कठोरक घालायचा प्लॅटिनमवाला सिलिकोन डॉटबरोबर घट्टच होत नाही, आठवडाभर ठेवला तरी मधासारखा राहतो. डॉटच्या अंगावरचे अमाइन, थायॉल किंवा फॉस्फिन प्लॅटिनमला निकामी करतात. झालाच घट्ट तर डॉट गोळा होऊन ढगाळ ठिपके पडतात, कारण तेलकट आवरणाचे डॉट सिलिकोनमध्ये नीट विरघळत नाहीत.

रंग बिघडला तर कारण बहुतेक दोनच. भिंतीवर गुलाबी छटा आली म्हणजे लाल वाढला पण निळा पुरेसा गिळला गेला नाही. ५४० नॅनोमीटरचे हिरवे डॉट घाला. ते लालात मिसळू नका. लाल डॉट हिरवा प्रकाशही गिळतात, म्हणून लालाचा थर चिपेच्या बाजूला आणि हिरव्याचा बाहेर. दुसरं, उजेड लालसर आणि मरगळलेला. थर जाड झालाय. लाल डॉट आता निळ्याबरोबर फॉस्फरचा पिवळाही खायला लागलेत. टक्का निम्म्यावर आणा. लाल निवडताना ६१०-६३०च्या दरम्यान राहा. ६५०चा लाल विकणाऱ्याच्या बाटलीत झकास दिसतो, पण डोळ्याला तो फारच कमी जाणवतो आणि वीज फुकट जाते.

बाटलीत डॉट आहेत ना?

‘क्वांटम’ लिहिलेला पिवळा लाखेसारखा रंग निव्वळ गाळणी असू शकतो. ३९५च्या टॉर्चखाली चमकला नाही तर तो फक्त निळा अडवतो, बदलत नाही. चमकला तरी तो साधा फ्लुरोसंट रंग असू शकतो, जो उन्हात काही आठवड्यांत उडतो. खोक्यातल्या डीव्हीडीने पाहा: इंडियम फॉस्फाइडचा पट्टा साधारण ४० नॅनोमीटर रुंद, कॅडमियमवाल्यांचा २०-३०, आणि कार्बन डॉटचा पसरट, कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो कळत नाही असा. पेरोव्स्काइट डॉट फार झळझळीत दिसतात, पण पाण्याने लगेच मरतात आणि त्यात शिसं असतं. उघड्यावरच्या दिव्याला ते नकोत.

बाहेरच्या दिव्याला इंडियम फॉस्फाइडचेच डॉट मागा. ई-कचरा नियम, २०२२ मध्ये विद्युत उपकरणांतल्या कॅडमियमला वजनाच्या ०.०१ टक्क्यांची सर्वसाधारण मर्यादा आहे. अर्धा टक्का कॅडमियम सेलेनाइड घातलेला थर तिच्या कितीतरी पट वर जातो.

दिवसाचं ऊन

दिवा रात्री लागतो, पण थर दिवसाही भाजतो. जमिनीतून वर तोंड करून भिंत उजळणाऱ्या दिव्यांचं हे खास दुखणं. खाली तोंड असलेला रस्त्याचा दिवा बराच सुरक्षित. साधी काच अतिनील किरणांतला बराच भाग सोडते. वर तोंडाच्या दिव्याला ४०० नॅनोमीटरखालचं अडवणारी स्वच्छ फिल्म टफन काचेच्या आतून लावा आणि दक्षिण-पश्चिमेकडून पत्र्याची टोपी करा. सूर्य हिवाळ्यात दक्षिणेला कलतो, त्यामुळे मे महिन्यात दुपारी सावली देणारी टोपी डिसेंबरात उपयोगी पडतेच असं नाही. दोन्ही ऋतूंत दुपारी एकदा जाऊन पाहा.

थर देऊच नये अशा जागा

नवेच दिवे घ्यायचे असतील तर ३००० किंवा २२०० केल्विनचे तयार एलईडी घ्या. त्यात फॉस्फर कारखान्यातच चिपेवर बसवलेलं असतं आणि ते डॉटपेक्षा उष्णता फार जास्त सोसतं. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या बाजूला शेतघर असेल, किंवा तलावाकाठी किड्यांचा त्रास कमी करायचा असेल, तर थराच्या भानगडीत न पडता सरळ अंबर एलईडी लावा आणि तोंड खाली करा. किडे निळ्याकडे आणि अतिनीलाकडे जास्त ओढले जातात. डॉटचा थर शोभतो तो दिवा बदलता येत नाही तिथे, किंवा एखादा नेमका रंग हवा असतो तिथे. नवी पेठेतल्या चादरीच्या दुकानासमोर लाल-मरून रंग खुलवायचा असेल तर ६२०चा नेमका पट्टा जे करतो ते साध्या पिवळ्या दिव्याला जमत नाही.

जुना थर खरवडायचा असेल तर कोरडा घासू नका. पाण्याने ओला ठेवा, नायट्राइलचे हातमोजे आणि एन ९५ मास्क घाला आणि खरवड ओल्या कागदात टिपून झाकणाच्या डब्यात भरा. मोरीत नाही, गटारात नाही. डब्यावर आत काय आहे ते लिहून नोंदणीकृत ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्या. थर दोन काचांत बंद केलेला असेल तर तो खरवडूच नका, सँडविच अख्खंच द्या.